वाचक विचारतात : ही नोंद मुळात ठेवतं कोण?

इंटरनेटवरच्या माहितीची पारख कशी करावी, यावर आलेल्या पत्रांमधून हे प्रश्न निवडले आहेत. मजकूर थोडा आटोपशीर केला आहे, नावं गाळली आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट सारखी समोर येत होती. मेसेज कुणी पाठवला, किती जणांनी पुढे ढकलला, याचा छडा लावण्यात लोक फार वेळ घालवतात. त्यापेक्षा ती नोंद मुळात कोणत्या कचेरीत, कोणत्या वहीत, कोणत्या प्रयोगशाळेत होते हे शोधलं, तर दोन मिनिटांत निकाल लागतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तासातासाला नवा आकडा येतो. एकदा ‘अलमट्टीतून दीड लाख क्युसेक सोडले, रात्रीत पाणी शहरात’ असा मेसेज आला आणि शेजारच्या आजींनी सगळं सामान माळ्यावर चढवलं. सोबत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याचा व्हिडिओ होता. घरबसल्या खरंखोटं कसं ओळखायचं? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : आधी नकाशा बघा. अलमट्टी धरण कृष्णेवर आहे आणि आपल्या कोल्हापूरच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात आहे. तिथून सोडलेलं पाणी पुढे नारायणपूरकडे जातं, उलटं वर कोल्हापुरात येत नाही. आपल्याकडे अलमट्टीची चर्चा होते ती तिथे पाणी अडवून ठेवल्याने फुगवटा येतो का, यावरून. म्हणजे तिथला विसर्ग वाढला तर आपल्याला धास्तीचं कारण नाही. त्या मेसेजमधला आकडा कदाचित खराही असेल, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. असे मेसेज सर्वांत जास्त फसवतात, कारण आकडा पडताळला की तो बरोबर निघतो आणि माणूस पुढचंही खरं मानतो.

शहरासाठी पाहायची ती पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ही पातळी भोगावतीवरच्या एकट्या राधानगरी धरणावर ठरत नाही. भोगावतीबरोबर कासारी, कुंभी आणि तुळशीचं पाणीही पंचगंगेत येतं, आणि गगनबावड्याकडे पाऊस किती झाला यावर बरंच अवलंबून असतं. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी) आणि वीजगृहातून १५०० क्युसेक, म्हणजे सातही उघडले तरी विसर्ग साधारण साडेअकरा हजार क्युसेक होतो. त्यामुळे ‘राधानगरीतून ८० हजार क्युसेक’ असं कुणी लिहिलं, तर तो आकडा तिथल्या तिथे बाद करा. दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडतात आणि आपोआप मिटतात. म्हणून ‘सहावा दरवाजा उघडला’ ही खरी बातमीसुद्धा दोन तासांत शिळी होते. ज्या मेसेजवर तारीख आणि वेळ दोन्ही नाहीत, तो पूर काळात बिनकामाचा समजा. नुसती वेळ असेल तर सकाळ की रात्र ते बघा. काल रात्री आठचा आकडा आज सकाळी आठचा म्हणून सर्रास फिरतो.

एक बारीकशी चूक दर पावसाळ्यात होते. बंधाऱ्यावरची नोंद फूट आणि इंचात असते. ४१ फूट ११ इंच ही पातळी कुणी घाईत ‘४१.११’ अशी लिहितो. आदल्या मेसेजमध्ये ‘४१.९’, म्हणजे ४१ फूट ९ इंच असतं. दशांश समजून वाचणाऱ्याला वाटतं पाणी उतरलं. प्रत्यक्षात ते दोन इंच चढलेलं असतं. टिंब दिसलं की फूट-इंच करून वाचा.

मूळ नोंद मिळते ती पाटबंधारे खात्याच्या आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या दैनंदिन अहवालात. त्यात पातळी, धरणांचा विसर्ग आणि पाण्याखाली गेलेले बंधारे एकत्र असतात. नेट बंद पडलं तर जिल्हा कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. पावसाच्या इशाऱ्यासाठी हवामान खात्याचं संकेतस्थळ पाहा. तिथे ‘जोरदार’ला माप असतं : २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून पुढे अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर गेलं की अत्यंत मुसळधार. ‘ढगफुटी होणार’ असं नुसतं लिहिणाऱ्याकडे कसलं माप नसतं.

आता व्हिडिओ. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलच्या नावात तारीख दिसते, उदाहरणार्थ ‘व्हीआयडी-२०२५०८१९’. पुष्कळ लोक ती चित्रीकरणाची तारीख समजतात. ती फाइल तुमच्या फोनमध्ये ज्या दिवशी आली त्या दिवसाची असते. मूळ चित्रीकरणाची वेळ आणि ठिकाण व्हॉट्सॲपवरून येताना बहुधा पुसलंच जातं. म्हणून व्हिडिओ थांबवून, फलक किंवा इमारत स्पष्ट दिसेल अशा जागी स्क्रीनशॉट घ्या. वरची घड्याळाची पट्टी आणि व्हिडिओवर चिकटवलेली अक्षरं कापून टाका, मग तो चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाका. निकालात ‘सारखी दिसणारी’ आणि ‘तंतोतंत जुळणारी’ चित्रं वेगळी असतात, तुम्हाला दुसरी हवीत. टिनआय नावाच्या संकेतस्थळावर सर्वांत जुनं चित्र आधी लावता येतं. शिरोलीजवळ महामार्ग २०१९ मध्येही बुडाला होता आणि २०२१ मध्येही, तेव्हा जुन्या चित्रफिती भरपूर आहेत. काही सापडलं नाही तर चित्र आरशासारखं उलटवून पुन्हा शोधा. पकडलं जाऊ नये म्हणून काही जण ते उलटवून टाकतात. गाड्यांच्या पाट्या वाचा. सगळीकडे एमएच ०९ ऐवजी दुसऱ्याच जिल्ह्याचे किंवा राज्याचे क्रमांक असतील तर ठिकाणच वेगळं आहे. लेन्सने काही दाखवलं नाही म्हणून व्हिडिओ ताजा ठरत नाही, एवढं मात्र ध्यानात असू द्या.

प्रश्न : ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला. बिल भरलेलं आहे. तरी घाबरायला होतं. (गृहिणी, राजारामपुरी)

उत्तर : फोन करू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ ही मुदतच त्या मेसेजचं पितळ उघडं पाडते. शिवाय महावितरणचे मेसेज कंपनीच्या नावाने येतात, कुणाच्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून नाही. शंका असेल तर हातातल्या छापील बिलावरचा ग्राहक सेवा क्रमांक लावा.

याच निमित्ताने : बँक, कुरियर, गॅस एजन्सी यांचे मदत क्रमांक गूगलवर शोधू नका. वर येणारा निकाल पुष्कळदा ‘प्रायोजित’ असतो, म्हणजे पैसे भरून लावलेला. नकाशावरचे फोन क्रमांकही कुणालाही दुरुस्ती सुचवून बदलायला लावता येतात. क्रमांक घ्यायचा तो पासबुकावरून, कार्डाच्या मागून, पावतीवरून.

प्रश्न : आमच्या गटात मेसेज फिरतोय की या हंगामात उसाला टनाला ३५५० रुपये कायद्याने मिळालेच पाहिजेत. कारखान्याचं बिल वेगळं आहे. मेसेज खोटा की कारखाना? (ऊस उत्पादक, शिरोळ तालुका)

उत्तर : मेसेज अर्धा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान रास्त दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. हा निर्णय ३० एप्रिल २०२५ चा, आणि पत्र सूचना कार्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकात तो पूर्ण वाचायला मिळतो. तिथे आकड्याला अट जोडलेली आहे : हा दर १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या तेवढ्या प्रमाणासाठी आहे. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात, खाली तेवढेच कमी होतात, पण ९.५ च्या खाली गेलेल्या कारखान्यासाठी ३२९ रुपये ५ पैशांपेक्षा कमी होत नाहीत.

कागद हातात घेऊन पडताळा. १०.२५ मधून ९.५ गेले की उरले ०.७५, म्हणजे साडेसात टप्पे. साडेसात गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५. ३५५ मधून वजा करा, ३२९.०५ येतात. आकडे एकमेकांशी जुळले, म्हणजे सूत्र तुम्हाला नीट कळलं. आता आपल्या भागातला उतारा घ्या. १२ टक्के धरला तर साडेसतरा टप्पे, ६० रुपये ५५ पैसे वाढ, दर ४१५.५५. टनाला ४१५५ रुपये ५० पैसे. म्हणजे ३५५० हा आकडा तुमच्या बाजूने फुगवलेला तर नाहीच, उलट कमीसुद्धा असू शकतो.

मग बिल वेगळं का? एफआरपी ही कारखान्याच्या गेटवर पोहोचलेल्या उसाची किंमत आहे. तोडणी आणि वाहतूक त्यातून वजा होते. म्हणून कारखान्याकडे दोन आकडे लेखी मागा : कोणत्या हंगामाचा किती उतारा धरला आणि तोडणी-वाहतूक टनाला किती कापली. या दोन आकड्यांशिवाय एफआरपीवर वाद घालणारा कुठलाही मेसेज, कुणाच्याही बाजूचा असो, अपुरा आहे. पैसे १४ दिवसांत द्यायचे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज, ही तरतूद ऊस नियंत्रण आदेश १९६६ मध्ये आहे. ती मेसेजमध्ये क्वचितच दिसते, आणि खरं तर तीच शेतकऱ्याच्या जास्त कामाची आहे.

प्रश्न : सासऱ्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांनी एक व्हिडिओ पाहिला : एक चूर्ण १५ दिवस घेतलं की एचबीए१सी नऊवरून सहावर येतं, इन्सुलिन बंद. खाली शेकडो लोकांनी ‘गुण आला’ लिहिलंय, डब्यावर सरकारी परवाना क्रमांकही आहे. त्यांना कसं समजवावं? (वाचक, उचगाव)

उत्तर : सर्वांत आधी : डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन बंद करू देऊ नका. काही रुग्णांच्या बाबतीत ते काही दिवसांत जिवावर बेतू शकतं.

मामंजींशी वाद घालण्यापेक्षा त्यांना ही तपासणी काय मोजते ते सांगा. रक्तातल्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते आणि पेशी जिवंत असेपर्यंत चिकटलेली राहते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून एचबीए१सी हा मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब असतो. १५ दिवसांत त्यातला बराचसा भाग जुन्याच साखरेचा असणार. नऊवरून सहावर येणं या मुदतीत बसतच नाही, मग चूर्ण कोणतंही असो. आणि खरोखर असा अहवाल हाती आलाच, तर पंडुरोग, रक्तस्राव किंवा नुकतंच दिलेलं रक्त यांनीही हा आकडा बिघडतो. तो अहवाल डॉक्टरांना दाखवायचा.

डब्यावरचा १४ आकडी क्रमांक बहुतेक एफएसएसएआयचा असेल. तो खाद्यपदार्थ बनवण्या-विकण्याचा परवाना आहे. रोग बरा होतो असं प्रमाणपत्र तो देत नाही. उलट, औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ च्या यादीत मधुमेह आहे. तो बरा करण्याची जाहिरात करणंच या कायद्यात बसत नाही. एवढी एक गोष्ट सांगितली तरी बऱ्याच ज्येष्ठांना विक्रेत्याची पारख होते.

‘गुण आला’ म्हणणारे खरं बोलत असतीलही. पण चूर्णाबरोबर त्यांनी भात कमी केला का, चालायला लागले का, जुनी गोळी चालूच होती का, हे त्यात कुठे असतं? आणि ज्यांना गुण आला नाही ते तिथे लिहायला येत नाहीत. म्हणून औषधाचा दावा तपासताना चार गोष्टी विचारायच्या : प्रयोग माणसांवर झाला का, किती जणांवर, किती महिने, आणि चूर्ण न घेणाऱ्या तशाच लोकांशी तुलना केली का. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या मोफत संकेतस्थळावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव टाकून शोधा. उंदरांवरचे प्रयोग ढिगाने दिसतील. ते सुरुवात म्हणून ठीक, पण त्यांच्या जोरावर इन्सुलिन सोडता येत नाही.

प्रश्न : ‘पीएम किसान नवी यादी’ म्हणून फाइल आली, भावजींनी उघडली. काही दिसलं नाही. आता काय? (वाचक, कागल)

उत्तर : फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती यादी नव्हती, ते ॲप होतं. यादी पीडीएफ असते. आरटीओ चलन, लग्नपत्रिका, वीजबिल अशा नावांनीही हेच येतं. ‘काही दिसलं नाही’ ही वाईट खूण आहे, कारण असं ॲप आपलं चिन्ह लपवतं, एसएमएस वाचायची परवानगी घेतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं.

आत्ता लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद झालं का पाहा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मग सेटिंगमधल्या ॲप्सच्या यादीत अनोळखी किंवा बिननावाचं ॲप शोधून काढून टाका. ‘काढा’ हे बटण दाबलं जात नसेल तर त्या ॲपने प्रशासकाचा अधिकार घेतलाय. सुरक्षा सेटिंगमध्ये तो काढून घ्या, नंतर ॲप निघेल. व्हॉट्सॲपमध्ये ‘जोडलेली उपकरणे’ उघडून अनोळखी संगणक दिसला तर बाहेर काढा. कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ##००२# डायल केल्यावर ते रद्द होतात. फोटो आणि फोन क्रमांक वाचवून फोन पूर्ण रीसेट केलेला बरा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. याच फोनवर बदलले तर नवेही चोराच्या हाती.

खरी यादी पीएम किसानच्या सरकारी संकेतस्थळावर गावनिहाय, कुणालाही पाहता येते. पत्ता मात्र उजवीकडून वाचा. पहिली एकेरी तिरपी रेघ येते तिच्या अगदी आधी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असलं पाहिजे. ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन डॉट यादी डॉट ऑनलाइन’ यात गव्ह आहे खरं, पण मालक शेवटचा ‘यादी डॉट ऑनलाइन’ आहे. ‘पीएमकिसान-गव्ह’ असं आडव्या रेघेने जोडलेलंही सरकारी नव्हे.

प्रश्न : पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट खरी ना? (विद्यार्थिनी, इचलकरंजी)

उत्तर : नाही. तुम्ही आणि ती साइट यांच्यामधला मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चोरालाही हे प्रमाणपत्र फुकट मिळतं. हाच गैरसमज लक्षात घेऊन क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं.

प्रश्न : शाहू महाराजांच्या आरक्षणाच्या आदेशावर प्रबंधिका लिहिते आहे. एआय चॅटबॉटने पाच पुस्तकं सुचवली, दोन कुठेच मिळत नाहीत. विकिपीडिया चालेल का? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : ती दोन पुस्तकं बहुधा अस्तित्वातच नसतील. चॅटबॉट संभाव्य शब्द जुळवत जातो. लेखक खरा, प्रकाशक खरा आणि शीर्षक मात्र रचलेलं, असं होतं. त्यालाच ‘नक्की का?’ विचारण्यात अर्थ नाही, तो तितक्याच ठामपणे हो म्हणेल. नाव करवीर नगर वाचन मंदिरात आणि शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात, सूचीत तपासा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा छापील ओळख क्रमांक, दिला असेल तर एक सोपा हिशेब करता येतो : तेरा आकड्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, दहाने निःशेष भाग गेला पाहिजे. नाही गेला तर क्रमांक खोटा किंवा चुकीचा उतरवलेला. भाग गेला तरी तो त्याच पुस्तकाचा आहे का हे पाहावं लागतंच. जुन्या मराठी पुस्तकांना हा क्रमांक नसतो, त्यावरून ती बाद करू नका.

विकिपीडिया वाट दाखवायला चांगला. लेखाखालच्या तळटिपा उघडा, ‘इतिहास’मध्ये वादग्रस्त वाक्य कधी घुसलं ते पाहा, आणि प्रबंधिकेत मूळ कागदाचाच हवाला द्या.

तुमच्या विषयात मूळ कागदाने किती फरक पडतो ते पाहा. इंटरनेटवर सगळीकडे ‘१९०२ मध्ये सर्व नोकऱ्यांत ५० टक्के आरक्षण’ असं एका ओळीत असतं. करवीर सरकारच्या गॅझेटात आलेला २६ जुलै १९०२ चा आदेश त्याहून नेमका आहे. आदेशानंतर रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांतून भरायच्या. ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातलीच. आणि खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तिमाही तक्ता पाठवायचा. हा शेवटचा मुद्दा एका ओळीच्या पोस्टमध्ये कधी येत नाही, पण आदेश अमलात यावा म्हणून केलेली तजवीज तिथेच दिसते. महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते, हेही तारखा समोर ठेवल्यावर कळतं. विद्यापीठाने शाहूकालीन कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. ते ग्रंथालयात मागून घ्या.

प्रश्न : अंगणवाडी भरतीचा ‘शासन निर्णय’ पीडीएफमध्ये आलाय. सिंहमुद्रा, सही सगळं आहे. (वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : मुद्रा आणि सही कुणीही चिकटवतो. शेवटच्या परिच्छेदात १८ आकडी संकेतांक शोधा. त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी असते. ती वर छापलेल्या तारखेच्या आसपास आहे का पाहा. मग राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो संकेतांक टाका आणि तिथून उतरवलेली प्रत आलेल्या प्रतीशी ओळीने ताडून पाहा, कारण खऱ्या निर्णयातली तारीख आणि जागांची संख्या तेवढी बदलून पुन्हा पाठवणारेही असतात. संकेतांकच नसेल किंवा तिथे काही निघालं नाही, तर अर्ज आणि पैसे दोन्ही थांबवा आणि पंचायत समितीतल्या बालविकास प्रकल्प कार्यालयात ती पीडीएफ दाखवा.